कॉइल बदलण्याआधी: सीबी पॉइंटवाल्या जुन्या गाडीच्या इग्निशन कॉइलची तपासणी, टप्प्याटप्प्याने

जुनी गाडी अर्धा तास छान चालते, मग मध्येच बंद पडते. वीस मिनिटांनी सेल्फ मारला की काही झालंच नाही अशी चालू होते. अशा वेळी बहुतेकांचा हात थेट कॉइलकडे जातो. नवी कॉइल बसते, दोन-चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तोच प्रकार सुरू होतो. काढून टाकलेली कॉइल पुष्कळदा धडधाकट असते. खोट पॉइंटमध्ये (सीबी, म्हणजे कॉन्टॅक्ट ब्रेकर: कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच), पॉइंटवरची ठिणगी दाबणाऱ्या कंडेन्सरमध्ये किंवा कॉइलचा करंट कमी करणाऱ्या बॅलास्ट रेझिस्टरमध्ये असते. याच्या उलटही घडतं. मीटरवर ओहम बरोबर दिसले म्हणून कॉइलला क्लीन चिट मिळते, कार्बोरेटर तीन वेळा उघडला जातो आणि दोषी मात्र कॉइलच निघते.

जुन्या मेकॅनिकांची कॉइलबद्दलची वाक्यं आजही सगळीकडे ऐकू येतात. ‘हाताला चटका बसला की कॉइल गेली.’ ‘निळा करंट दमदार, पिवळा कमजोर.’ ‘कॉइल उभीच बसवायची.’ ‘कार्बोरेटरच्या दहा तक्रारींतल्या नऊ करंटच्या असतात.’ यातली काही वाक्यं सोन्यासारखी आहेत, काही ठरावीक गाडीपुरती खरी आहेत आणि काही सरळ चुकीची आहेत. तपासणीत ज्या टप्प्यावर जे वाक्य आडवं येतं, तिथेच त्याचा निकाल लावला आहे.

क्रम मात्र मोडू नका. आधी कॉइलची जात, मग तिच्यापर्यंत येणारा सप्लाय, मग पॉइंट आणि कंडेन्सर, मग वायरींची दिशा, आणि शेवटी ठिणगी: आधी थंड कॉइलची, मग गरम कॉइलची. इथली मापं १२ व्होल्टच्या, सीबी पॉइंट असलेल्या पेट्रोल गाडीची आहेत. इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलेल्या गाडीत पॉइंटचे आणि वायरी उलटसुलट करण्याचे टप्पे करू नका. मॉड्यूल क्षणात जळतं.

## १. तयारी

हाताशी हवं ते: ०.१ ओहमपर्यंत दाखवणारा डिजिटल मल्टिमीटर, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, फीलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या), गॅप कमी-जास्त करता येणारा स्पार्क टेस्टर, रबरी मुठीची पक्कड, साधी लाकडी पेन्सिल आणि खात्रीचा एक कंडेन्सर. कंडेन्सरच्या वायरीला एक आणि त्याच्या डब्याला एक अशा मगर-क्लिपा लावून ठेवा. खात्रीची एक जादा कॉइल मिळाली तर आठवा टप्पा फार सोपा होतो.

बॅटरी आधी तपासा. गाडी बंद असताना किमान १२.४ व्होल्ट हवेत आणि सेल्फ फिरताना ते ९.६ च्या खाली जाता कामा नयेत. बॅटरी बसलेली असेल तर पुढचं प्रत्येक माप खोटं येईल आणि दोष कॉइलच्या माथी बसेल.

कॉइलवरची वायर काढण्याआधी फोटो काढा. कोणत्या टोकाला कोणत्या रंगाच्या किती वायरी आहेत ते लिहूनही ठेवा. पाचव्या टप्प्यात याची गरज पडणार आहे.

इशारा: सेकंडरीचा (कॉइलच्या आतलं, ठिणगीचं व्होल्टेज देणारं वाइंडिंग) झटका वीस हजार व्होल्टच्या पुढे जाऊ शकतो. चालू इंजिनावर एचटी (हाय टेन्शन, ठिणगी नेणारी जाड) वायर हाताने धरू नका. पेसमेकर असलेल्या व्यक्तीने हे काम करू नये आणि जवळही उभं राहू नये. पेट्रोलचा वास येत असेल तर आधी गळती थांबवा, बॉनेट उघडं ठेवून वास जाऊ द्या, मगच ठिणगी पाडा.

दुसरा इशारा: इंजिन बंद, किल्ली ऑन आणि पॉइंट मिटलेले, अशा स्थितीत ३ ओहमच्या कॉइलमधून सतत ४ अँपिअर वाहतात. म्हणजे ५० वॉट उष्णता एका बंद डब्यात. रेडिओ ऐकण्यासाठी किल्ली ऑन ठेवून कितीतरी चांगल्या कॉइल मारल्या गेल्या आहेत. खालची मापं घेताना किल्ली एका वेळी मिनिटभरापेक्षा जास्त ऑन ठेवू नका.

## २. कॉइल कोणत्या जातीची आहे ते ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण बाहेरून सगळ्या कॉइल सारख्याच दिसतात. तोच ॲल्युमिनिअमचा डबा, तेच वरचं काळं टोपण.

कॉइल पूर्ण थंड असताना दोन्ही छोट्या टोकांच्या वायरी काढा. मीटर २०० ओहमवर ठेवा. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवा आणि जो आकडा दिसेल तो टिपून घ्या. हा आकडा सहसा ०.२ ते ०.४ असतो आणि पुढच्या मापातून तो वजा करायचा असतो. दीड ओहमची कॉइल मोजताना ०.४ ची चूक म्हणजे पाव हिश्शाहून मोठी चूक. मग पिना कॉइलच्या दोन छोट्या टोकांना लावा.

- साधारण ३ ते ४ ओहम: थेट १२ व्होल्टवर चालणारी कॉइल. बॅलास्ट नको.
- साधारण १.३ ते १.८ ओहम: बॅलास्ट रेझिस्टरसोबतच वापरायची कॉइल.
- १ ओहमच्या खाली: इलेक्ट्रॉनिक इग्निशनसाठीची. सीबी पॉइंटवर लावू नका.

माप थंड कॉइलचंच घ्यायचं, कारण तांब्याचा रोध उष्णतेने वाढतो. २० अंशांना ३.२ ओहम दाखवणारी कॉइल ८० अंशांना ३.९ च्या आसपास दाखवते. गरम कॉइलचा वाढलेला आकडा बघून ‘वाइंडिंग गेलं’ असं ठरवणं ही नेहमीची चूक आहे.

‘मोठी कॉइल टाका, पिकअप वाढेल’ हा सल्ला इथेच निकालात काढू. कॉइल डब्यावर छापलेले ४०,००० व्होल्ट दर वेळी देत नाही. प्लगच्या गॅपमध्ये ठिणगी पडायला जेवढं लागतं तेवढंच व्होल्टेज चढतं आणि तिथेच थांबतं. सुस्थितीतल्या जुन्या इंजिनाला एरवी त्याचा छोटासा भागच लागतो. कमी ओहमची ‘दमदार’ कॉइल बॅलास्टशिवाय लावली तर पॉइंटमधून ४ ऐवजी ८-९ अँपिअर वाहतात आणि थोड्याच दिवसांत पॉइंट निळे-काळे पडतात. पिकअप तर वाढत नाहीच.

पडताळणी: कॉइलची जात कागदावर लिहा: ‘३ ओहमची, बॅलास्ट नको’ किंवा ‘१.५ ओहमची, बॅलास्ट हवा’. पुढचा टप्पा यावरच उभा आहे.

## ३. कॉइलपर्यंत काय पोहोचतं ते मोजा

वायरी पुन्हा जोडा. इंजिन हाताने थोडं फिरवून पॉइंट मिटलेले आहेत याची खात्री करा. किल्ली ऑन करा. मीटरची लाल पिन कॉइलच्या सप्लायच्या टोकाला, काळी पिन इंजिनाच्या उघड्या धातूला. (हे निगेटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेल्या गाडीसाठी. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत आकड्यापुढे वजा चिन्ह दिसेल, आकडा तसाच वाचायचा.)

पॉइंट मिटलेले असण्यावर एवढा भर का? पॉइंट उघडे असले की सर्किटमधून करंट वाहतच नाही. करंट नाही म्हणजे बॅलास्टवर व्होल्टेज पडत नाही. बॅलास्ट असो वा नसो, गंजलेलं कनेक्शन असो वा नसो, मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो आणि ‘सप्लाय एकदम ओके’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

पॉइंट मिटलेले असताना १२ च्या जवळपास आकडा आला तर वाटेत बॅलास्ट नाही. ६ ते ९ च्या दरम्यान आला तर आहे. तो नेहमी डोळ्यांना दिसतोच असं नाही. पांढऱ्या चिनी मातीचा ठोकळा असेल तर लगेच सापडतो, पण काही गाड्यांमध्ये वायरिंगच्या जुडग्यातच रोधाची एक लांब वायर गुंडाळलेली असते. ती न ओळखता ३ ओहमची कॉइल बसवली की ठिणगी मरतुकडी होते. आणि वायरिंग नवीन करताना ती वायर साध्या तांब्याच्या वायरीने बदलली गेली की दीड ओहमची कॉइल भाजून निघते.

बॅलास्ट नसलेल्या गाडीत आणखी एक माप घ्या: एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी कॉइलच्या सप्लायच्या टोकावर, पॉइंट मिटलेले. (पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत पहिली पिन निगेटिव्हवर.) इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इग्निशन स्विच, फ्यूजबॉक्स किंवा एखादं हिरवं पडलेलं टोक व्होल्टेज खातंय.

बॅलास्ट असलेल्या बऱ्याच गाड्यांमध्ये सेल्फ मारताना कॉइलला बॅलास्ट टाळून सरळ बॅटरीचा सप्लाय मिळतो. त्यामुळे दोन लक्षणं अगदी नेमकी बोलतात.

- सेल्फ फिरताना इंजिन पकडतं, किल्ली सोडताच मरतं: बॅलास्ट तुटला आहे किंवा त्याची वायर सुटली आहे.
- सेल्फ फिरताना पकडत नाही, किल्ली सोडतानाच्या क्षणी पकडतं: सेल्फच्या वेळचा थेट सप्लाय येत नाही.

या दोन्ही तक्रारींत कॉइल बदलणं व्यर्थ आहे.

‘हाताला चटका बसला की कॉइल गेली’ या वाक्याचा निवाडाही याच टप्प्यावर होतो. कॉइल गरम होणं हे तिचं रोजचं काम आहे आणि इंजिनच्या जवळ बसवलेली कॉइल उन्हाळ्यात हात ठेवता येणार नाही इतकी तापू शकते. तेवढ्याने ती वाईट ठरत नाही. पण जात आणि सप्लाय जुळत नसतील, म्हणजे दीड ओहमच्या कॉइलला पूर्ण १२ व्होल्ट मिळत असतील, तर ती उष्णता मारकच आहे. थोडक्यात, चटका हा कॉइल काढण्याचा आदेश नाही, मीटर लावण्याची सूचना आहे.

## ४. पॉइंट आणि कंडेन्सर

कॉइलवर ढकलले जाणारे बहुसंख्य दोष या दोन वस्तूंचे असतात. हा टप्पा घाईत उरकू नका.

पॉइंटचा गॅप. कॅमचा उंचवटा पॉइंटच्या टाचेखाली बरोबर मध्यावर आणा आणि फीलर गेज घाला. पुष्कळशा चार सिलिंडरच्या गाड्यांना ०.३५ ते ०.४० मिमी लागतो. आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच अंतिम माना. गॅप जास्त झाला की पॉइंट मिटून राहण्याचा वेळ घटतो आणि कॉइल भरायला पुरत नाही. हिशेब करून बघा: चार सिलिंडरच्या इंजिनाला ३००० फेऱ्यांवर सेकंदाला १०० ठिणग्या लागतात, म्हणजे एका ठिणगीला १० मिलिसेकंद मिळतात. त्यातला पॉइंट मिटलेला काळ ६ मिलिसेकंदांच्या आसपास. ६००० फेऱ्यांवर तोच ३ वर येतो. हळू चालताना ठीक आणि वेगात मिसिंग, अशी तक्रार असेल तर कॉइलआधी गॅप मोजा.

पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि समोर टेकाड तयार झालेलं असेल तर फीलर गेज टेकाडावर टेकतं, खड्डा मोजलाच जात नाही आणि गॅप चुकतो. असे पॉइंट बदला. तात्पुरतं घासायचं असेल तर बारीक पॉइंट-कानस वापरा. पॉलिश पेपरचे कण पॉइंटमध्ये रुततात आणि कनेक्शन बिघडवतात. नव्या पॉइंटवर गंज येऊ नये म्हणून कधी कधी तेलकट थर असतो. तो पुसला नाही तर कोऱ्या पॉइंटवर गाडी चालूच होत नाही आणि दोष पुन्हा कॉइलला लागतो.

पॉइंटमधून होणारी गळचेपी. पॉइंट मिटलेले, किल्ली ऑन. मीटरची एक पिन कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला, दुसरी इंजिनाला. ०.२ व्होल्टपेक्षा कमी हवं. जास्त आलं तर पॉइंट मळलेले आहेत, किंवा डिस्ट्रिब्युटरच्या (पॉइंट ज्यात असतात आणि जो प्रत्येक प्लगला ठिणगी वाटतो) आतली बेस-प्लेटची अर्थिंगची छोटी वायर तुटत आली आहे. व्हॅक्यूमने प्लेट हलते, तिच्याबरोबर ही वायर वर्षानुवर्षं वाकत राहते आणि वरून आवरण शाबूत असताना आतून तुटते. बोटाने हलवून बघा.

उघड्या पॉइंटवरचं माप. आता पॉइंटमध्ये कोरड्या कागदाची पट्टी घाला, म्हणजे ते नक्की उघडे राहतील. किल्ली ऑन. कॉइलच्या त्याच टोकावर आता बॅटरीइतकं व्होल्टेज दिसलं पाहिजे. शून्य आलं तर ते टोक सोडवा आणि फक्त कॉइलवर मोजा. कॉइलवर १२ आले तर कॉइलची प्रायमरी (दोन छोट्या टोकांमधलं वाइंडिंग) शाबूत आहे. खोट डिस्ट्रिब्युटरच्या आत आहे: कंडेन्सर शॉर्ट किंवा पॉइंटची वायर बॉडीला टेकलेली. कॉइलवरही शून्यच आलं आणि दुसऱ्या टोकाला सप्लाय पोहोचतोय, तर प्रायमरी तुटली आहे. एवढ्या साध्या मापाने अर्ध्या शंका मिटतात.

कंडेन्सर. बहुतेक गाड्यांत तो ०.१८ ते ०.२५ मायक्रोफॅरडचा असतो. मल्टिमीटरने क्षमता बरोबर दाखवली म्हणजे तो चांगला, असं समजू नका. पॉइंट उघडतात त्या क्षणी कंडेन्सरवर काहीशे व्होल्टचा झटका येतो आणि मीटर तर मोजक्या व्होल्टवर तपासतो. आतलं इन्सुलेशन थंड असताना टिकतं, गरम झालं की सोडतं. लक्षणं हुबेहूब खराब कॉइलची. म्हणून ‘आधी कंडेन्सर बदलून बघ’ हा जुना सल्ला आजही पहिल्या क्रमांकाचा आहे.

बदलून बघण्याची सोपी रीत: जुन्या कंडेन्सरची वायर सोडवा, क्लिपा लावलेल्या खात्रीच्या कंडेन्सरची वायर कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला आणि त्याचा डबा इंजिनाला लावा. डिस्ट्रिब्युटर उघडा ठेवून सेल्फ मारा आणि पॉइंटकडे बघा. बारीकशी चमक चालते. ठळक, पांढरट-निळी, तडतडणारी ठिणगी पॉइंटवरच दिसत असेल तर कंडेन्सर काम करत नाही, आणि प्लगला जायची ताकद तिथेच जळते आहे.

इशारा: जुना कंडेन्सर न सोडवता बाहेरून दुसरा लावू नका. जुना शॉर्ट असेल तर नवाही निरुपयोगी ठरतो आणि ‘कंडेन्सर बदलूनही काही झालं नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

## ५. वायरींची दिशा

‘कॉइलच्या वायरी कशाही लावा, गाडी चालते.’ चालते, हे खरं. पण प्लगच्या मधल्या इलेक्ट्रोडवर निगेटिव्ह झटका यायला हवा. तो इलेक्ट्रोड तापलेला असतो आणि तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात, म्हणून त्या दिशेने ठिणगी पडायला कमी व्होल्टेज पुरतं. उलट जोडलेल्या कॉइलला प्रत्येक ठिणगीसाठी जास्त जोर लावावा लागतो. थंडीत, चढावर किंवा प्लगचा गॅप वाढल्यावर हा फरक मिसिंगच्या रूपात बाहेर येतो.

निगेटिव्ह अर्थच्या गाडीत कॉइलचं − टोक डिस्ट्रिब्युटरला, + टोक किल्लीकडे. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत + टोक डिस्ट्रिब्युटरला. बॉशच्या खुणांत १५ म्हणजे किल्लीकडून येणारं, १ म्हणजे पॉइंटकडे जाणारं आणि ४ म्हणजे एचटी. खरा गोंधळ ल्यूकसच्या जुन्या कॉइलवरच्या ‘एसडब्ल्यू’ आणि ‘सीबी’ या खुणांनी होतो: एसडब्ल्यू म्हणजे स्विच, सीबी म्हणजे पॉइंट. या खुणा कारखान्यातल्या मूळ अर्थिंगला धरून असतात. मूळ पॉझिटिव्ह अर्थची गाडी नंतर निगेटिव्ह अर्थ केली असेल आणि कॉइल तीच असेल, तर खुणेबरहुकूम जोडणी उलटी ठरते. दोन वायरींची अदलाबदल करावी लागते.

पेन्सिलची चाचणी: एका प्लगची वायर काढा. वायरीचं धातूचं टोक प्लगच्या डोक्यापासून काही मिलिमीटरवर येईल अशी ती रबरी मुठीच्या पकडीने धरा. टोक काढलेली पेन्सिलही दुसऱ्या पकडीने धरून तिचं शिसं या फटीत आणा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ठिणगीचा नारिंगी फुलोरा शिशाच्या प्लगकडच्या बाजूला दिसला तर दिशा बरोबर. वायरीकडच्या बाजूला दिसला तर उलटी. पेन्सिलीचं शिसं वीज वाहतं, म्हणून ती उघड्या हातात कधीही धरू नका.

पडताळणी: जुने प्लग काढून बाजूचा वाकडा इलेक्ट्रोड बघा. त्याच्या आतल्या बाजूला वाटीसारखा खळगा पडलेला असेल तर कॉइल बराच काळ उलटी जोडलेली होती.

## ६. सेकंडरी आणि इन्सुलेशन

मीटर २० किलोओहमवर. एक पिन मधल्या एचटीच्या खोबणीत आतल्या धातूपर्यंत, दुसरी कुठल्याही एका छोट्या टोकावर. साधारण ५ ते १५ किलोओहमच्या दरम्यान आकडा येतो. काहीच आलं नाही तर वाइंडिंग तुटलं आहे. मग सगळ्यात वरची रेंज लावून छोट्या टोकापासून डब्यापर्यंत मोजा. जवळजवळ सर्वच कॉइलमध्ये तिथे मीटर अनंतच दाखवतो.

पण ‘ओहम बरोबर, म्हणजे कॉइल बरोबर’ या समजुतीने जितका वेळ वाया घालवला आहे तितका दुसऱ्या कुठल्याच समजुतीने घालवला नसेल. मीटर एखाद-दोन व्होल्टवर मोजतो. वाइंडिंगच्या दोन थरांमधलं इन्सुलेशन २० हजार व्होल्टला आणि उष्णतेला टिकतं का, हे त्याला कळूच शकत नाही. ओहम चुकले तर कॉइल खराब, इतकंच या मापावरून ठरतं. ओहम बरोबर आले तर फक्त पुढच्या टप्प्यावर जायचं.

डोळ्यांनीही बघा. टोपणाभोवती तेल पाझरलेलं आहे का? एचटीच्या खोबणीत हिरवट बुरशी किंवा काळपट रेषा आहे का? केसाएवढी बारीक काळी रेषा म्हणजे करंटने शोधलेली चोरवाट. ती पुसून जात नाही, कारण तिथलं प्लॅस्टिक जळून कोळसा झालेलं असतं. अशी कॉइल बाद. तेल गळालेली कॉइलही बाद, कारण ते तेल इन्सुलेशन आणि थंडावा दोन्हींचं काम करतं.

## ७. थंड कॉइलची ठिणगी

कॉइलच्या मधल्या एचटी वायरीचं डिस्ट्रिब्युटरकडचं टोक काढून स्पार्क टेस्टरला लावा, टेस्टरची क्लिप इंजिनाच्या स्वच्छ धातूला. गॅप ६ मिमी ठेवा. सेल्फ मारा. प्रत्येक वेळी, न चुकता, टक-टक आवाजाची ठिणगी पडली पाहिजे. मग गॅप हळूहळू १० मिमीपर्यंत न्या. चांगली कॉइल इथेही साथ देते.

प्लग काढून इंजिनावर टेकवून ठिणगी बघणं ही सगळ्यांची सवय, पण ती फसवते. उघड्या हवेत ०.६ मिमीच्या गॅपला दोन-तीन हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणात त्याच गॅपला त्याच्या कितीतरी पट लागतात. बाहेर ठिणगी आणि आत काही नाही, हे अगदी शक्य आहे.

‘निळी दमदार, पिवळी कमजोर’ हे अर्धं खरं आहे. बारीक, पिवळसर, धाग्यासारखी ठिणगी बहुतेक वेळा कमजोरच असते. पण रंगावर इलेक्ट्रोडचा धातू, हवेतली धूळ आणि आजूबाजूचा उजेड या सगळ्यांचा परिणाम होतो. भर उन्हात चांगली ठिणगीही दिसत नाही. रंगावर निकाल देऊ नका. किती मिलिमीटर उडी मारते आणि चुकते का, यावर द्या.

इशारा: चालू इंजिनावर प्लगची किंवा कॉइलची वायर उपटून सिलिंडर तपासण्याची पद्धत सोडून द्या. ठिणगीला बाहेर वाट मिळाली नाही की व्होल्टेज कमाल पातळीपर्यंत चढतं आणि कॉइलच्या आत, डिस्ट्रिब्युटरच्या रोटरमध्ये (आतला फिरता हात) किंवा कॅपमध्ये स्वतःची वाट फोडतं. तपासणीच्या नादात चांगली कॉइल इथेच मरते.

## ८. गरम कॉइलची ठिणगी

खरी परीक्षा हीच. टेस्टर आणि खात्रीचा कंडेन्सर गाडीत ठेवा आणि गाडी बंद पडेपर्यंत चालवा. बंद पडताना कशी पडली याकडे लक्ष द्या. किल्ली फिरवल्यासारखी एका क्षणात मेली तर संशय इग्निशनवर. आधी ओढ कमी झाली, झटके खाल्ले, मग मेली, तर संशय पेट्रोलवर: पेट्रोलची वाफ धरणं, पंप, चोक झालेला फिल्टर. हे जुनं निरीक्षण पुष्कळदा खरं ठरतं. तरी तो संशयच. पुरावा टेस्टर देतो.

गाडी सुरक्षित जागी लावून ताबडतोब, थंड होण्याआधी, टेस्टर ६ मिमीवर लावा. पाच-दहा मिनिटं वाट पाहिली की दोष लपतो.

ठिणगी व्यवस्थित पडली तर कॉइलचा पिच्छा सोडा आणि पेट्रोलकडे वळा. आली पण मरतुकडी, किंवा आलीच नाही, तर आधी कॉइलचा सप्लाय पुन्हा मोजा. तापलेल्या इग्निशन स्विचचं कनेक्शनही सुटतं. मग चौथ्या टप्प्याप्रमाणे बाहेरून कंडेन्सर लावा. सुधारणा झाली तर कंडेन्सर. नाही झाली तर त्याच जातीची खात्रीची कॉइल शेजारी अधांतरी न लोंबकळवता बांधून ठेवा, तिचा डबा बॉडीला टेकवा आणि तीनही वायरी तिच्यावर घ्या. ठिणगी परतली तर निकाल लागला: जुनी कॉइल गरम झाली की सोडते, तिचे ओहम काहीही असोत.

बंद पडलेल्या कॉइलवर ओलं फडकं टाकण्याची युक्ती टाळा. एचटीच्या खोबणीत पाणी शिरलं की नवीन दोष तयार होतो आणि मूळ दोष कोणता होता हे कधीच कळत नाही.

## ९. बदलायचीच असेल तर

दुसऱ्या टप्प्यात लिहिलेली जात आणि तिसऱ्या टप्प्यातला सप्लाय समोर ठेवूनच कॉइल निवडा. बॅलास्ट असेल तर १.५ ओहमच्या आसपासची, नसेल तर ३ ओहमची.

‘कॉइल उभीच हवी’ यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तेल भरलेल्या कॉइलमध्ये तेलाला प्रसरण व्हायला थोडी मोकळी जागा असते आणि ती बुडबुड्यासारखी वर जाते, एवढ्यावरून हा नियम आला. पण कितीतरी गाड्या कारखान्यातूनच आडव्या किंवा तिरक्या कॉइलसह बाहेर पडल्या आणि दशकानुदशकं चालल्या. मूळ जागा, मूळ कोन ठेवा. एक्झॉस्टच्या अगदी जवळ बसवलेली असेल तर ती मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर हलवणं फायद्याचं ठरतं; मग एचटी वायर त्या मापाची नवीन घ्या, ताणून बसवू नका.

पट्टा आवळताना डबा चेपू देऊ नका. पत्रा आत गेला की आतल्या वाइंडिंगला टेकतो. पट्टा आणि बॉडी यांच्यामधला रंग-गंज घासून काढा, म्हणजे उष्णता पत्र्यात जाईल. एचटी वायर खोबणीत तळापर्यंत दाबा. अर्धवट बसलेली वायर आतल्या आत ठिणगी मारते आणि टोपण जाळते. रबरी बूट फाटला असेल तर त्याच वेळी बदला.

डिस्ट्रिब्युटर कॅपमधला मधला कार्बन स्प्रिंगवर मोकळा हलतो का, रोटरवर काळी रेषा आहे का, हे बघूनच कॅप लावा. कॉइलचा सगळा जोर याच दोन जागांतून जातो.

आता इंजिन चालू करा, सप्लाय मोजा, दिशेची चाचणी पुन्हा करा आणि अर्धा तास सलग चालवून गरम अवस्थेत टेस्टर एकदा लावा. सोबत नवे पॉइंट टाकले असतील तर काहीशे किलोमीटरनंतर गॅप पुन्हा मोजा. टाच कॅमवर बसताना थोडी झिजते, गॅप मिटत जातो आणि टायमिंगही सरकतं, म्हणून गॅप लावून झाल्यावर टायमिंग पुन्हा तपासा.